आवाराबाहेरून ई-संसाधने : आधी सभासदांचा पट, मग सॉफ्टवेअर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालय खाजगी व्यवस्थापनाचे, अनुदानित, तालुक्याच्या गावी. कला, वाणिज्य आणि विज्ञान मिळून सुमारे २,८०० विद्यार्थी आणि तीन संशोधन केंद्रे. एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके देणाऱ्या योजनेचे सभासदत्व आहे, शिवाय स्वतंत्र वर्गणी भरून घेतलेले तीन डेटाबेस, म्हणजे लेखांचे ऑनलाइन संग्रह, आहेत. मात्र हे तीन डेटाबेस ग्रंथालयातल्या अकरा संगणकांवरच उघडतात. पुढच्या नॅक मूल्यांकनापूर्वी ते घरून वापरता आले पाहिजेत, असे प्राचार्यांनी सांगितले आहे. एका विक्रेत्याने व्हीपीएनचे (घरचा संगणक महाविद्यालयाच्या जोडणीत आणणाऱ्या व्यवस्थेचे) दरपत्रक दिले आहे आणि नेमके कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, अशी आपली विचारणा आहे.

सॉफ्टवेअरकडे मी थोडा उशिरा येणार आहे, कारण तीन वेगवेगळ्या संस्थांमध्ये ही सोय उभी करताना मला प्रत्येक वेळी एकच अनुभव आला : यंत्रणा बसवायला आठवडा-दोन आठवडे लागले आणि ‘आपला माणूस कोण’ हे ठरवण्यात अख्खे सत्र गेले. आवाराबाहेरून प्रवेश देताना आपण प्रकाशकाला एक हमी देत असतो की, या क्षणी पडद्यासमोर बसलेली व्यक्ती आजच्या तारखेला आमच्या संस्थेची आहे. ही हमी द्यायची तर सभासदांचा पट रोजच्या रोज खरा असायला हवा. पट खरा असेल तर साधी व्यवस्थाही उत्तम चालते. तो खरा नसेल तर कितीही खर्चिक व्यवस्था नको त्या माणसाला आत घेते आणि हक्काच्या माणसाला दारातच अडवते.

ग्रंथालयात आज हे डेटाबेस पासवर्डाशिवाय कसे उघडतात, ते आधी पाहू. वर्गणी भरताना महाविद्यालयाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याच्या जोडणीची ओळख असलेला आकडा, प्रकाशकाला कळवलेला असतो. त्या पत्त्यावरून आलेली प्रत्येक मागणी प्रकाशक संस्थेचीच धरतो. ती प्राध्यापकांची आहे, विद्यार्थ्याची आहे की त्या दिवशी सहज आलेल्या पाहुण्याची, हे त्याला कळत नाही. विद्यार्थी घरी गेला की त्याची मागणी मोबाइल कंपनीच्या पत्त्यावरून जाते, आणि तो पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांमध्ये वाटलेला व वरचेवर बदलणारा असतो. त्यामुळे घरोघरचे पत्ते नोंदवून हा प्रश्न सुटत नाही.

इथेच पहिली तपासणी करून घ्यावी. आपल्या नोंदवलेल्या पत्त्याची पुढच्या सगळ्या कामात गरज पडणार आहे आणि तोच पुष्कळ ठिकाणी चुकीचा असतो. नेटवर्क पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला पत्ता विचारला की तो संगणकाच्या पडद्यावर दिसणारा, १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा लिहून देतो. पण हे आकडे आतल्या जोडणीचे असतात, देशातल्या हजारो कार्यालयांत हेच आकडे वापरात असतात, आणि प्रकाशकाला त्यांचा काहीही उपयोग नसतो. आपल्याला बाहेरून दिसणारा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता हवा. कार्यालयाने मधल्या काळात इंटरनेटची कंपनी बदलली असेल, किंवा मुख्य जोडणी बंद पडल्यावर आपोआप सुरू होणारी दुसरी जोडणी घेतली असेल, तर त्या जोडणीचे पत्तेही प्रकाशकाला कळवावे लागतात. ‘सकाळी उघडते, दुपारी उघडत नाही’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि तिचे मूळ बहुतेक वेळा या दुसऱ्या जोडणीत सापडले आहे.

आता एन-लिस्टविषयी. त्यासाठी आपल्याला वेगळे काहीही उभारायचे नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेली ही योजना मुळातच व्यक्तिगत खात्यांवर उभी आहे : महाविद्यालयाकडून यादी जाते, प्रत्येकाला स्वतःचे खाते मिळते आणि ते खाते कुठूनही चालते. तरीही किती विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षभरात एकदा तरी लॉगिन केले, हे आपण पाहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मी पाहिलेल्या महाविद्यालयांत बहुसंख्य खाती उघडल्या दिवसापासून पडून होती, आणि घरून वापरण्याची सोय हाताशी असूनही ती कोणाला ठाऊक नव्हती. नव्या व्यवस्थेची आखणी करण्यापूर्वी ही खाती जागी करण्याचे काम हाती घेतले, तर पटातले दोषही आपोआप समोर येतील.

संशोधन नियतकालिके एकत्रित वर्गणीतून संस्थांना देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेचाही उल्लेख आपण केला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तिच्यात आहेत. परंतु ही मंजुरी केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. अनुदान शासनाचे आणि व्यवस्थापन खाजगी, अशी आपली स्थिती असल्याने आपण तिच्यात आहोतच असे गृहीत धरून चालू वर्गण्या बंद करू नयेत. आधी लेखी खुलासा मिळवावा.

यानंतरचे काम म्हणजे तिन्ही डेटाबेसचे परवाना करार काढून वाचणे. ते फाइलमध्ये नसतील तर विक्रेत्याकडून मागवून घ्यावेत. केवळ देयकाची प्रत पुरत नाही. करारात अधिकृत वापरकर्त्याची व्याख्या असते आणि ती शब्दशः वाचली पाहिजे. बहुतेक करारांत नियमित विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांना आवाराबाहेरून प्रवेश मान्य असतो. प्रत्यक्ष ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या पाहुण्यांना फक्त तिथल्या संगणकावर परवानगी असते. माजी विद्यार्थी सहसा वगळलेले असतात. काही स्वस्त योजनांमध्ये मात्र वापर ठरावीक जागेपुरता किंवा एकाच वेळी ठरावीक वापरकर्त्यांपुरता बांधलेला असतो. अशा डेटाबेससाठी प्रॉक्सी (घरून आलेली मागणी महाविद्यालयाच्या पत्त्यावरून पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) बसवली तर तो करारभंग ठरेल. तेव्हा यंत्रणेवर रुपया खर्च करण्यापूर्वी तिन्ही प्रकाशकांना ईमेल पाठवून दोनच गोष्टी विचाराव्यात : आमच्या करारात आवाराबाहेरचा वापर बसतो का, आणि आपण ओळख पटवण्याच्या कोणकोणत्या पद्धती स्वीकारता. उत्तर लेखी घ्यावे.

करार वाचताना आपल्याकडचे काही खास प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे प्रकाशकाच्या इंग्रजी मसुद्यात तयार मिळत नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घ्या. त्यांची नेमणूक सत्रापुरती असते, मधल्या सुटीत ते कागदोपत्री कोणीच नसतात आणि नव्या सत्रात पुन्हा तेच शिकवायला उभे राहतात. नियमाच्या शब्दावर बोट ठेवले तर सुटीत त्यांचे खाते बंद करावे लागेल, आणि पुढच्या सत्राची तयारी तर ते नेमकी त्याच काळात करतात. मी प्राचार्यांकडून शैक्षणिक वर्षभराचे ग्रंथालय-सभासदत्व देणारे पत्र घेतले आणि तेच खात्याच्या मुदतीचा आधार मानले. दुसरा प्रश्न संशोधन केंद्रातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांचा. त्यांची नोंदणी विद्यापीठाची, मार्गदर्शक आपल्या महाविद्यालयाचे, काम आपल्या केंद्रात. मग ते कोणाचे सभासद? दोन्हीकडचे असू शकतात, पण आपल्या डेटाबेससाठी ते आपल्या पटावर हवेत. त्यासाठी केंद्राच्या नोंदवहीतले नाव आणि प्रगती अहवालाची तारीख हा पुरावा पुरेसा धरता येतो. हे निर्णय ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवावेत, म्हणजे उद्या प्रकाशकाने विचारले तर उत्तर देताना चाचपडावे लागत नाही.

पटाविषयी आता सविस्तर लिहितो. कोहा किंवा सोल हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर असो किंवा कार्यालयातले प्रवेशाचे सॉफ्टवेअर असो, त्यातून विद्यार्थ्यांची यादी काढून ती एका तक्त्यात उघडावी आणि ईमेलच्या रकान्यानुसार क्रम लावावा. एका महाविद्यालयात हे करताना पडद्यावर एकच ईमेल पत्ता ओळीने ४३ नावांपुढे दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की तो बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेचा होता. ऑनलाइन प्रवेश अर्ज भरायला मुले तिथे गेली, ईमेलच्या रकान्यात काय लिहायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून चालकाने स्वतःचा पत्ता टाकून अर्ज पुढे सरकवला. त्यात त्याचा वाईट हेतू काहीच नव्हता. पण आपण त्या यादीवरून खाती उघडली असती, तर ४३ विद्यार्थ्यांचे पासवर्ड त्या एका पेटीत जाऊन पडले असते आणि त्यांपैकी एकाही विद्यार्थ्याला ते मिळाले नसते. मोबाइल क्रमांकांचेही तसेच : वडिलांचा, मामाचा, गावातल्या शिक्षकांचा, आणि पुष्कळदा दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला.

यावर मला एकच खात्रीचा उपाय सापडला आहे. संस्थेने प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावाचा, ईमेल द्यावा, त्याचे नाव विद्यापीठाच्या पीआरएन या कायम नोंदणी क्रमांकाशी जोडावे आणि खाते प्रत्यक्ष ओळखपत्र पाहून ग्रंथालयाच्या खिडकीवरच सुरू करून द्यावे. शैक्षणिक संस्थांना गूगल व मायक्रोसॉफ्ट यांच्या पायाभूत सेवा विनामूल्य मिळतात, त्यामुळे खर्चाचा भाग गौण आहे. खरी मेहनत त्या खिडकीवर होते. जुलै-ऑगस्टमध्ये ओळखपत्र वाटताना हे काम जोडून घेतले तर एका विद्यार्थ्यामागे तीन-चार मिनिटे लागतात. दुसऱ्या टोकाला, खाते बंद करण्याचा क्षणही ठरवून ठेवावा लागतो. ग्रंथालयाचा ना-देय दाखला दिल्याशिवाय विद्यार्थ्याला टीसी मिळत नाही. त्या दाखल्यावर सही होते त्याच दिवशी खाते बंद व्हावे. ज्यांनी टीसी नेलीच नाही अशांसाठी प्रत्येक खात्याला सुरुवातीलाच शेवटची तारीख लावून ठेवावी, म्हणजे विसरलेले खाते आपोआप मिटते.

आता मार्ग निवडण्याकडे येऊ. व्हीपीएनचे दरपत्रक आपण बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीपीएनने विद्यार्थ्याचा संगणक महाविद्यालयाच्या आतल्या जोडणीत येऊन बसतो. एक लेख वाचण्यासाठी दिलेल्या या वाटेने तो संगणक, नीट अडथळे घातले नसतील तर, परीक्षा विभागाच्या आणि शुल्काच्या सर्व्हरच्या शेजारी पोहोचतो. शिवाय विक्रेते जोडणीवरचा भार कमी करण्यासाठी अनेकदा फक्त महाविद्यालयाची अंतर्गत वाहतूक व्हीपीएनमधून नेतात आणि बाकीची थेट इंटरनेटवर सोडतात. मग प्रकाशकाकडे जाणारी मागणीही थेट जाते, तिच्यावर घरचाच पत्ता राहतो आणि व्हीपीएन जोडलेले असूनही लेख उघडत नाही. त्यात २,८०० विद्यार्थ्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या मोबाइलवर एकेक अ‍ॅप बसवून देण्याचे काम कोणावर येणार, हेही पाहा. मोजक्या प्राध्यापकांसाठी व्हीपीएन ठीक आहे, सर्वांसाठी नाही.

दुसरा मार्ग प्रॉक्सीचा, आणि जगभरातल्या शैक्षणिक ग्रंथालयांनी दोन दशके ज्यावर काम चालवले तो मुख्यतः हाच. यातले सर्वांत प्रचलित सॉफ्टवेअर ईझीप्रॉक्सी. ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधील एका सामुदायिक महाविद्यालयाचे ग्रंथपाल ख्रिस झगर यांनी १९९९ मध्ये स्वतः लिहिले आणि २००८ मध्ये ते ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे गेले. एका ग्रंथपालाने ग्रंथालयाची अडचण ओळखून घडवलेले हे साधन आहे, आणि वापरताना ते जाणवते. विद्यार्थी आधी प्रॉक्सीच्या पानावर लॉगिन करतो. मग प्रॉक्सी त्याच्या वतीने, महाविद्यालयाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून, प्रकाशकाकडे मागणी करते आणि आलेले पान त्याला दाखवते. त्या पानातले सगळे दुवे ती वाटेतच बदलून स्वतःकडे वळवते, त्यामुळे पुढची प्रत्येक टिचकीही तिच्यामार्फतच जाते.

दुवे बदलण्याची ही रीत समजून घेतली तर बसवतानाच्या निम्म्या अडचणी आधीच टळतात. उदाहरणार्थ, जेस्टॉर या लेखसंग्रहाच्या पत्त्यामागे आपल्या प्रॉक्सीचे नाव जोडले जाते आणि तो एक नवा, आपल्या डोमेनखालचा पत्ता बनतो. म्हणून डोमेनच्या नोंदीत प्रॉक्सीच्या नावाखालचे कोणतेही नाव चालेल अशी सर्वसमावेशक नोंद लागते, आणि सुरक्षा प्रमाणपत्रही तसेच सर्वसमावेशक लागते. हे प्रमाणपत्र एकाच पायरीपुरते चालते. मूळ पत्त्यात तर दोन-तीन टिंबे असतात आणि प्रत्येक टिंब म्हणजे नवी पायरी. यासाठी ईझीप्रॉक्सीत टिंबांच्या जागी आडव्या रेघा घालण्याची सोय आहे. ती सुरू करायची राहिली तर प्रत्येक पानावर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येतो, विद्यार्थी घाबरून पान बंद करतो आणि बसवणारा मात्र प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा विकत घेत राहतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१८ पासून असे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. मात्र त्याची मुदत महिन्यांतच मोजायची असते आणि नूतनीकरणासाठी डोमेनच्या नोंदीत बदल करता यावा लागतो. आपल्या ‘डॉट एसी डॉट इन’ डोमेनची नोंदणी अर्नेट इंडियाकडे आहे. तिथले खाते नेमके कोणाच्या ताब्यात आहे, हे कार्यालयाला आजच विचारून ठेवावे. दोन ठिकाणी मी ते निवृत्त कर्मचाऱ्याच्या खाजगी ईमेलवर नोंदलेले पाहिले आहे.

याशिवाय प्रत्येक डेटाबेससाठी प्रॉक्सीच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमध्ये चार-सहा ओळींची नोंद असते : नाव, सुरुवातीचा पत्ता आणि ज्या ज्या डोमेनवरून त्याची पाने, चित्रे व पीडीएफ येतात त्यांची यादी. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले आणि पीडीएफ नव्या पत्त्यावरून द्यायला सुरुवात केली की गोषवारा दिसतो, पण पूर्ण लेख मागताच खरेदीचे पान येते. हे वर्षातून काही वेळा होणारच. म्हणून प्रॉक्सी एकदा बसवून संपत नाही. तिच्याकडे आठवड्याला तास-दोन तास पाहणारा माणूस लागतो. आपल्याकडे तसा माणूस नाही हे आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि माझ्या सल्ल्याची दिशा त्यावरूनच ठरते.

तिसरा मार्ग संघटित ओळखीचा. यात प्रकाशक आयपी पत्ता पाहतच नाही. त्याच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ असे बटण असते; विद्यार्थी तिथे आपली संस्था निवडतो, संस्थेच्या पानावर लॉगिन करतो आणि संस्था प्रकाशकाला एक सही केलेला निरोप पाठवते की ही व्यक्ती आमची विद्यार्थी आहे. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक यांतले काहीही पाठवण्याची गरज नसते. नाते काय आहे तेवढे कळवून आणि ओळख न सांगणारा एक सांकेतिक क्रमांक देऊन काम होते. पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही. विद्यार्थ्याच्या वाचनाचा खाजगीपणा जपणारा असा दुसरा मार्ग मला माहीत नाही, म्हणून तांत्रिक कारणांइतक्याच या कारणासाठीही मी त्याचा पुरस्कार करतो. भारतात इन्फ्लिबनेटने यासाठी इन्फेड हा महासंघ उभारला आहे. तो शिबोलेथ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतो, आणि ज्या संस्थांना स्वतःचा सर्व्हर ठेवणे शक्य नाही त्यांच्या सभासदांची खाती केंद्राकडेच ठेवण्याची व्यवस्था आहे. मर्यादा एकच : प्रकाशकाने ही पद्धत स्वीकारलेली हवी. मोठे आंतरराष्ट्रीय प्रकाशक ती स्वीकारतात. लहान आणि देशी डेटाबेस अनेकदा आयपी पत्त्यावरच अडून बसतात.

चौथा मार्ग तयार सेवेचा. रिमोटएक्सएस, मायलॉफ्ट, निम्बस, ओपनअथेन्स अशा सेवा सर्व्हर स्वतःकडे ठेवतात, नोंदी सांभाळतात आणि वार्षिक शुल्क घेतात. तांत्रिक मनुष्यबळ नसलेल्या महाविद्यालयाला हा मार्ग खरोखर उपयोगी पडतो, मात्र मागणीपत्रात काही अटी स्पष्ट लिहाव्या लागतात. सभासदांची माहिती कुठे साठवली जाते; करार संपल्यावर ती किती दिवसांत नष्ट होते आणि त्याचे पत्र मिळते का; वापराची आकडेवारी आपल्याला साध्या तक्त्यात काढून घेता येते का; एखादा डेटाबेस उघडेनासा झाला तर दुरुस्ती किती तासांत; आणि प्रकाशकाकडे नोंदवायचा पत्ता फक्त आपल्यासाठी राखलेला असेल की इतर ग्राहकांत वाटलेला. शेवटचा मुद्दा कोणी विचारत नाही. पत्ता वाटलेला असेल तर दुसऱ्या महाविद्यालयातल्या गैरवापरामुळे आपला प्रवेश बंद होऊ शकतो.

गैरवापराची भीती दाखवण्यासाठी नव्हे, तयारी असावी म्हणून एक प्रसंग सांगतो. माझ्या एका जुन्या संस्थेत सोमवारी सकाळी एका प्रकाशकाचे ईमेल आले की आपला प्रवेश थांबवला आहे. प्रॉक्सीच्या नोंदी उघडल्या. शनिवारी रात्री पावणेतीनपासून एकाच खात्यावरून दर तीन-चार सेकंदांना एक पीडीएफ उतरत होती, सलग पहाटेपर्यंत, नियतकालिकाच्या अंकांच्या क्रमाने. माणूस असे वाचत नाही. खाते दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे होते. त्याचा पासवर्ड कोणीतरी मिळवला होता आणि त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. प्रकाशकाला कारण, उपाय आणि हमी लिहून देईपर्यंत नऊ दिवस गेले, आणि ते दिवस एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे शेवटचे दिवस होते. दोष त्या चोराइतकाच आमच्या पटाचा होता. ते खाते जिवंतच राहायला नको होते. ग्रंथालयाच्या लॉगिनची चोरी हा मोठा उद्योग आहे : मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने नऊ इराणी व्यक्तींवर ठेवलेल्या आरोपपत्रात अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठे लक्ष्य झाल्याचे म्हटले आहे, आणि त्यांची रीत म्हणजे प्राध्यापकांना फसवी ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेणे.

यासाठी पहिल्या दिवसापासून तीन बंधने ठेवावीत : एका खात्याला तासाभरात व दिवसभरात किती मजकूर उतरवता येईल याची मर्यादा, थोड्या वेळात दोन दूरच्या ठिकाणांहून लॉगिन झाल्यास खाते आपोआप स्थगित, आणि अध्यापकांसाठी तरी दुहेरी पडताळणी. नोंदींमधून कोण काय वाचते हे दिसू शकते, म्हणून त्या किती लोकांना पाहता येतील हेही ठरवावे. सर्ट-इन या केंद्र शासनाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवण्याची अपेक्षा आहे आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा गरजेपेक्षा जास्त काळ माहिती साठवू नये असे सांगतो. मी १८० दिवसांनंतर नावे काढून टाकून केवळ बेरजा ठेवतो. एखाद्या विभागप्रमुखांनी ‘अमुक विद्यार्थी काय वाचतो ते सांगा’ असे विचारले तर ग्रंथपालाने नम्रपणे नकार द्यावा. तो आपला व्यावसायिक धर्म आहे.

आपल्यासाठी माझा निर्णय असा. जून ते ऑगस्ट या काळात पट, ईमेल आणि करार ही तीन कामे पूर्ण करावीत. त्याच वेळी इन्फेडसाठी अर्ज करावा. तिन्ही प्रकाशकांची उत्तरे आल्यावर, संघटित ओळख स्वीकारणारे डेटाबेस इन्फेडवरून सुरू करावेत. तीनपैकी दोन त्यात बसले आणि एकच आयपी पत्त्यावर राहिला, तर त्या एकासाठी प्रॉक्सीचा खर्च करू नये. त्या प्रकाशकाकडे व्यक्तिगत खाती मागावीत, किंवा पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी संघटित ओळखीची अट घालावी. ग्रंथपालाच्या हातात खरा जोर वर्गणी भरण्यापूर्वीच्या महिन्यात असतो. दोन किंवा अधिक आयपी पत्त्यावर राहिले तरच तयार सेवेची दरपत्रके मागवावीत. स्वतःचा ईझीप्रॉक्सी सर्व्हर, सांभाळणारा माणूस नेमला जाईपर्यंत, नको.

शेवटी वापरणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट. समाजशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसून मोबाइलवर इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीतला लेख शोधत होती. गूगलवरून ती थेट लेखाच्या पानावर गेली, गोषवारा वाचला, खाली वर्गणीची सूचना आली, आणि फोन टेबलावर ठेवत ती म्हणाली, “सर, आपल्याकडे हे नाहीये ना?” ते आमच्याकडे कित्येक वर्षे होते आणि घरून वापरण्याची सोयही चालू होती. ती आमच्या दुव्यावरून गेलीच नव्हती. त्या दिवसापासून मी ग्रंथालयाच्या पानावरच्या दुव्यांवर विसंबून राहणे सोडले. गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये आपल्या ग्रंथालयाचे नाव कसे जोडायचे, प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ हे बटण कुठे असते आणि संस्थेच्या यादीत आपले नाव नेमके कोणत्या स्पेलिंगने दिसते, हे तीन पडद्यांच्या चित्रांसह मराठीत एका पानावर छापून घ्यावे आणि ओळखपत्राबरोबर द्यावे. स्पेलिंगचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण यादीत नाव सापडले नाही तर बाकी सगळी यंत्रणा त्या विद्यार्थ्यासाठी नसल्यासारखीच असते.

घोषणा करण्यापूर्वी आवारातली वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, प्रत्येक डेटाबेसमधला एक पूर्ण लेख स्वतः उघडून पाहावा. वायफायवर घेतलेली चाचणी फसवू शकते, कारण तिची मागणी नोंदवलेल्या आयपी पत्त्यावरूनच गेली तर दार आधीच उघडलेले असते. मग दहा विद्यार्थ्यांना, त्यातल्या निम्म्यांना तरी शहराबाहेरच्या गावांतून, आठवडाभर वापरायला द्यावे आणि ते कुठे अडले ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. प्रकाशकांची उत्तरे आली की ती वैयक्तिक तपशील झाकून इथे द्यावीत. करारातल्या व्याख्येचा नेमका मजकूर पाहिल्यावर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या पत्राचा मसुदा मी तयार करून देईन.